आत्याच्या हातात खडू द्या : घरातल्या आठवणी नोंदवून ठेवायच्या कशा

"आत्या, जुन्या काळचं काहीतरी सांग की," असं म्हणत मी चार वर्षं तिच्यासमोर बसत होते. थोरल्या आत्याचं उत्तर ठरलेलं. "काय सांगायचं गं? गरिबी होती, कामं होती. झालं." मग चहा यायचा आणि विषय तिथंच राहायचा.

माझं माहेर हरिपूरचं. सांगलीला लागूनच, वारणा जिथं कृष्णेला मिळते आणि संगमेश्वराचं देऊळ आहे, ते हरिपूर. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सासर सांगलीतच, गावभागात. म्हणजे सगळं आयुष्य नदीच्या दोन-चार किलोमीटरच्या आत गेलं, तरी माझ्या आजीच्या घरात चूल कुठल्या भिंतीला होती ते मला माहीत नव्हतं. आत्या आता ८३ वर्षांची आहे. तिच्या पिढीतली ती एकटीच उरली आहे.

गेल्या मे महिन्यात भाचीचा सात वर्षांचा मुलगा आमच्या शहाबादी फरशीवर खडूनं गाड्या काढत बसला होता. त्यानं सहज विचारलं, "आत्याआजी, तुझी खोली कुठं होती?" आत्या म्हणाली, "आमाला कुठली खोली? आण तो खडू हिकडं." तिचा गुडघा वाकत नाही, म्हणून एक पाय लांब करून ती खाली बसली आणि रेघ ओढली. "ही वट्याची कड. हितं सोपा. हितनं आत गेलं की माजघर, आन् हितं जातं." जात्यासाठी तिनं गोल काढला, त्यात खुंट्याचं एक टिंब दिलं आणि त्या टिंबावर बोट ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, "हितं आई आन् थोरली चुलती समोरासमोर बसायच्या. मी चुलतीच्या मांडीवर डोकं ठिवून झोपायची. पीठ केसात पडायचं." चार वर्षांत जे एकदा निघालं नव्हतं ते एका खडूनं निघालं.

म्हणून ज्यांना आपल्या घरच्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे. "आठवण सांग" म्हणू नका, घर काढायला सांगा. जमिनीवर बसता येत नसेल तर मोठा कागद आणि जाड पेन द्या. दार कुठं, चूल कुठं, न्हाणी, परसू, गोठा, देव्हारा, दिवा ठेवायचा कोनाडा. एकेक जागा निघाली की तिथं कोण बसायचं ते विचारा, बाकीचं आपोआप येतं. आणि चित्र पुसायच्या आधी त्याचा फोटो काढा. आमचं पहिलं चित्र संध्याकाळी फरशी पुसताना गेलं आणि आत्याला पुन्हा काढायला लावावं लागलं.

दुसऱ्या वेळी तिनं घरामागची मोकळी जागाही काढली आणि तिथं एक लहान गोल केला. "हे पेवाचं तोंड." हरिपुरात हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे हे मला माहीत होतं, पण पेव उघडायचा दिवस मी कुणाकडून ऐकला नव्हता. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत पोट रुंद. "झाकण काढलं म्हणून लगीच कुणी उतरायचं न्हाई. पैल्यांदा कंदील दोरीला बांधून आत सोडायचा. इजला, की थांबायचं. परत थोड्या येळानं सोडायचा. जळत राह्यला, की मग माणूस आत." महिनोन् महिने बंद असलेल्या पेवात प्राणवायू उरत नाही. हळदीला कीड लागत नाही ती त्यामुळंच, आणि घाईनं उतरलेल्या माणसाचा जीव जातो तोही त्यामुळंच. आत्या हे सांगताना डावा हात असा हळूहळू खाली नेत होती, जणू दोरी सोडतेय. मी ते वहीत लिहिलंय : 'हात खाली नेला.' बोलण्याबरोबर हात काय करतात तेही लिहून ठेवा, कारण सांगणारं माणूस गेल्यावर ते कुठंच मिळत नाही. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांत पाणी शिरलं. हरिपूरच्या आत्ताच्या पोरांना पेव दाखवायचं म्हटलं तर आधी शोधावं लागतं.

खडूसारखाच उपयोग कामाचा होतो. आमच्याकडं उन्हाळ्यात कुरडया घालतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून सकाळी वर आलेलं पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायचा. चीक ढवळायला दोन माणसं लागतात आणि ढवळणारीला हलता येत नाही. त्या अर्ध्या तासात वहिनी आणि आत्या जेवढं बोलल्या तेवढं दिवाळीच्या चार दिवसांत बोलल्या नव्हत्या. वहिनींचं माहेर आटपाडीकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्या सात वर्षांच्या होत्या. आई खडी फोडायला जायची, पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ, मिळायची, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी. हे सगळं त्यांनी पातेल्यातून नजर न काढता सांगितलं. समोर बसवून, डोळ्यांत बघून मी विचारलं असतं तर वहिनी एवढं बोलल्याच नसत्या. तेव्हा शेवया, सांडगे, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, मेथी निवडणं, जे चालू असेल त्यात बसा आणि आपणही हात लावा.

वेळेचं म्हणाल तर दुपारची झोप झाल्यावर चारच्या चहाला म्हातारं माणूस सगळ्यात ताजं असतं. रात्री मालिका असतात, सकाळी देवपूजा आणि गोळ्या. पाऊण तासाच्या पुढं ताणू नका. थकलं माणूस की "हो, हो" म्हणायला लागतं आणि मग आपण जे विचारू त्याला हो येतं. ती नोंद कामाची नाही.

शक्यतो दोघांना एकत्र बसवा. एकटं माणूस थोडक्यात आवरतं, पण दोन भावंडं बसली की एक दुसऱ्याला टोकतं आणि तपशील निघतात. आमच्या दादाचं म्हणणं, आम्हांला पोहायला वडिलांनी शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. ताई म्हणते भोपळा नव्हताच, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, आणि शिकवलं ते नाना काकांनी. दोघंही साठीच्या पुढचे, पण या गोष्टीवर आवाज चढला. मी दोन्ही लिहून घेतलं, दोघांच्या नावानं, शेजारी शेजारी. कोण बरोबर ते ठरवायला जाऊ नका. माझ्या वहीत भोपळाही आहे आणि डबाही आहे. तुम्ही एकाच्या बाजूनं बोललात, की दुसरा पुढच्या वेळी गप्प बसतो. म्हाताऱ्या माणसाची चूक तर मध्येच काढूच नका. "अगं आत्या, तो पूल तेव्हा होताच," असं मी एकदा म्हणाले आणि ती त्या दिवशी पुढं काही बोललीच नाही. होताच तो, सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा आहे. पण तिला जे सांगायचं होतं ते पुलाबद्दल नव्हतं. ते होतं नावेतून पलीकडं जाताना भिजलेल्या लुगड्याबद्दल.

आता रेकॉर्डिंग. मोबाइल पुरतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. पंखा बंद करा. उकडलं तरी चालेल, पण पंख्याखाली केलेली माझी पहिली तीन रेकॉर्डिंग नुसती घरघर आहेत. मोबाइल थेट टेबलावर ठेवलात तर कप ठेवल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो, म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल घाला. फोन येऊ नये म्हणून एरोप्लेन मोड लावा. सुरुवातीला आपणच तारीख, गाव आणि बसलेल्यांची नावं मोठ्यानं बोला. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग तारीख आणि मग माणूस, म्हणजे पुढं आपोआप क्रमानं लागतात. आणि परवानगी विचारल्याशिवाय चालू करू नका. आत्याला मी सांगते, "आत्या, लावते गं," आणि ती पदर सारखा करते, आवाजच रेकॉर्ड होणार असला तरी.

त्याच रात्री कॉपी करा. मला हे फार महागात पडलंय. नाना काकांना मी दोन तास बसवलं होतं. पेठेतला हळदीचा सौदा, रुमालाखाली बोटं धरून कसा भाव ठरायचा, ते त्यांनी माझीच बोटं धरून दाखवलं होतं. महिन्याभरानं मोबाइल बिघडला, दुरुस्तीला दिला, आणि दुकानातून परत आला तो कोरा. पुन्हा बसू म्हटलं तर पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात काका गेले. रुमालाखालची ती दोन बोटं मला अजून जाणवतात, पण कुठल्या बोटाला किती ते आठवत नाही.

रेकॉर्डिंग असलं तरी वही हवी. ऐकून लिहिताना शब्द बदलू नका. आत्या 'हितं' म्हणते, मी 'हितं'च लिहिते. पहिल्या वेळी मी सगळं शाळेतल्या निबंधासारखं शुद्ध करून लिहिलं होतं आणि ताईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "ही आत्या नाहीच." ते पान फाडून पुन्हा लिहिलं. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत तर एक अक्षरही इकडचं तिकडं करू नका. आणि ओवी बसून म्हणायला सांगितली तर आठवत नाही, हात गोल फिरवायला लागला की येते. आत्याला मी रिकामं पातेलं उपडं घालून दिलं होतं, त्यावर हात फिरवत तिनं सात ओव्या म्हटल्या.

साल काढणं हा एक वेगळा खटाटोप आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. "कुठल्या साली?" विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. आपल्या भागातल्या खुणांवरून विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. सातारा-सांगलीतलं त्या वयाचं कुठलंही माणूस त्या पहाटे कुठं होतं ते सांगतं. आत्या म्हणाली, "धाकटी पाळण्यात हुती, पाळणा आपणच हालाय लागला." म्हणजे धाकटी १९६७ ची किंवा फार तर त्याच्या जरा आधीची. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, पण त्या काळात जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरसकट १ जून घालायचे. त्यामुळं दाखल्यावर १ जून दिसला की त्याच्यावर भरवसा ठेवू नका, पाळण्यावर ठेवा.

कृष्णाकाठाला आणखी एक चांगली खूण आहे ती नरसोबाच्या वाडीच्या कन्यागताची. गुरू कन्या राशीत आला की, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, ते पर्व येतं. अलीकडचं २०१६ चं, त्याआधीचं २००४ चं. तसंच मागं मोजत गेलं की १९९२, १९८०, १९६८ येतं. आत्या म्हणाली की लग्नानंतरच्या पहिल्या कन्यागताला धाकटीला कडेवर घेऊन वाडीला गेलो होतो. म्हणजे १९६८, आणि ते पाळण्याशी बरोबर जुळलं. दोन खुणा एकमेकींना मिळाल्या तेव्हा मी वहीत साल पेनानं लिहिलं. तोवर पेन्सिलीनं होतं. तुम्हीही जुळेपर्यंत पेन्सिलच वापरा. आण्यांवरून मात्र साल काढायला जाऊ नका. नवे पैसे १९५७ ला आले खरे, पण चार आणे, आठ आणे हे शब्द त्यानंतर कितीतरी वर्षं तोंडात होते.

प्रश्न काय विचारायचे ते पोरांकडून शिका. पोरं "तुमचं बालपण कसं होतं?" असलं काही विचारत नाहीत. ती विचारतात, पायात चप्पल कधी आली, मार कोण द्यायचं, अंधारात संडासला कसं जायचं, आजारी पडलं की काय खायला मिळायचं, पाव पहिल्यांदा कधी खाल्ला, रुसल्यावर कुठं जाऊन बसायचीस. या शेवटच्या प्रश्नावर आत्यानं फरशीवरच्या घरात बोट ठेवलं ते धान्याच्या कणगीच्या मागं. तिथं ती रुसून बसायची आणि तिथंच झोप लागायची. घरातली दहा-बारा वर्षांची पोर असेल तर तिलाच विचारू द्या, आपण नुसतं लिहावं.

एक गोष्ट आवर्जून विचारा : घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव. आमच्या घरात पुरुषांची सहा पिढ्यांची नावं दादाला पाठ आहेत. आजीचं लग्नाआधीचं नाव मात्र घरात एकालाही माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनाही नव्हतं. आत्याला ते ठाऊक होतं, कारण आजीचा भाऊ आला की त्याच नावानं हाक मारायचा आणि आजी आतून "आले रे" म्हणत धावायची. आत्या गेली असती तर ते नाव तिच्याबरोबर गेलं असतं. आता वहीत पहिल्या पानावर आजीची दोन्ही नावं आहेत. तुमच्या घरी हे विचारायचं राहिलं असेल तर उद्यावर टाकू नका, आज फोन करा.

फोटोंचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्याकडं पाणी आलेलं आहे आणि पुन्हा येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं, आणि ट्रंक खालीच होती. आठ दिवसांनी घरात आलो, चिखल काढला, आणि मी घाईघाईनं सगळे फोटो गच्चीवर उन्हात घातले. उन्हानं त्यांच्या सुरळ्या झाल्या. जे एकमेकांना चिकटले होते ते मी नखानं सोडवले आणि आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोतला आईचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला लागून निघून आला.

असं करू नका. ओले फोटो चिकटलेले असतील तर वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा, आपण होऊन सुटतात. सुटले की चित्राच्या बाजूला बोट न लावता, कडेला धरून, चिखल जाईपर्यंत पाण्यातच हलवा. मग सावलीत, स्वच्छ टीपकागदावर किंवा सुती कापडावर, चित्र वर करून सुटे सुटे ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई लागते. एवढं लगेच करायला माणूस नसेल तर थोडे थोडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं काढा. चिकटून वाळलेच असतील तर हात लावू नका, जाणत्या माणसाला दाखवा.

सुक्या फोटोंच्या मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढं उमटतो. डावीकडून कोण कोण, कुठं काढला, फोटो कुणी ओळखला आणि कुठल्या तारखेला. अनोळखी चेहऱ्याखाली प्रश्नचिन्ह टाका, अंदाजानं नाव लिहू नका. मोबाइलवर काढून ठेवायचे असतील तर खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. बारीकसारीक नातेवाइकांना ओळखायला आत्याला भिंग लागतं. एका फोटोत कडेला अर्धाच आलेला हात तिनं बांगड्यांवरून ओळखला.

दुःखाचंही येणार. धाकटीच्या आधी आत्याचा एक मुलगा गेला होता, तीन वर्षांचा. फरशीवरच्या घरात देव्हाऱ्याशेजारचा कोपरा आला आणि ती बोलायची थांबली. मी मोबाइल बंद केला, खडू तिच्या हातातून घेतला आणि नुसती बसले. बऱ्याच वेळानं ती बोलली, खूप बोलली, आणि शेवटी म्हणाली, "ह्यातलं लिवू नगंस." मी लिहिलं नाही. तो होता आणि त्याचं नाव काय होतं एवढंच वहीत आहे, तेही तिला विचारून. ज्याची आठवण त्याचा त्यावर हक्क. भावकीतली भांडणं, जमिनीचे वाद, कुणाच्या सुनेला झालेला त्रास, हे लिहिलंत तरी घरच्या ग्रुपवर टाकू नका. ते वेगळ्या वहीत ठेवा.

प्रती तीन करा आणि त्यातली एक तरी गावाबाहेर ठेवा. आमची एक पुण्याला दादाकडं पेन ड्राइव्हमध्ये आहे, एक ताईकडं इचलकरंजीला झेरॉक्स. मूळ वही प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात माळ्यावर आहे. २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते, आणि डबा तिच्या चांगला हातभर वर आहे.

रविवारी भाची येतेय, मुलाला घेऊन. हळद शिजवायची काहील कुठं लावायचे आणि रात्रभर तिच्यापाशी कोण जागायचं, ते आत्याला विचारायचं राहिलंय. खडूचं नवं पाकीट आणून ठेवलंय.